पाहणाऱ्याचे पाप

दसरा उलटला. आमच्या वर्गातील निम्मी बाके आता केव्हा रिकामी होतील याचा नेम नाही. मुकादमांच्या उचली वाटून झाल्या, बैलांना पत्र्या मारून झाल्या, ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्या गावाबाहेर येऊन उभ्या राहिल्या. दिवाळी होते न होते तोच कोयते कारखान्यांच्या वाटेला लागतील. दरसाल या दिवसांत आम्ही या जागी तोडणीच्या दराविषयी, उचलीच्या हिशेबाविषयी आणि पोरांच्या बुडणाऱ्या शाळेविषयी लिहीत असतो. यंदा त्याहून अवघड गोष्ट लिहिणे भाग आहे. अवघड अशासाठी की, दराची तक्रार करताना बोट कारखान्याकडे दाखविता येते. या गोष्टीत मात्र ते आमच्याकडेच वळते.

आठ दिवसांमागे एक बाई शाळेत आली. तिची दोन लेकरे आमच्याकडे शिकतात. ती म्हणाली, "गुरुजी, पोराला संगं नेते. पोरीला मात्र तुम्ही हंगामी वसतिगृहात घ्या. तिला मी फडावर न्यायची नाही." आम्ही कारण विचारले. बराच वेळ ती पदराचे टोक पिळीत उभी राहिली. मग म्हणाली, "गेल्या साली रातच्याला गाडी भरत व्हतो. डोक्यावर मोळी, पाय फळीवर, दोन्ही हात वर गुंतलेले. खाली ट्रॅक्टरवाला उभा व्हता." पुढचे तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. जाता जाता उंबऱ्यात थांबून ती एवढेच म्हणाली, "त्या मेल्याचं मला एवढं वाटलं नाही, गुरुजी. तो परका. पर बाजूला दहा जण व्हते. ते हसले. हसले ते माझ्या गावचे व्हते."

वाचकहो! त्या बाईच्या बोलण्याचा नीट विचार करा. हात घालणारा एक होता. त्याचे पाप त्याच्यापाशी आहे, आणि त्याला कायद्याने जी शिक्षा होईल ती होवो. पण दहा जण हसले नसते, त्यांतला एक जण जरी "अरे ए, काय चाललंय?" असे मोठ्याने म्हणाला असता, तर त्या ट्रॅक्टरवाल्याचा हात दुसऱ्या रात्री पुन्हा उठला असता काय? त्याने अंधाराचा फायदा घेतला असे लोक म्हणतील. आमचे म्हणणे असे की, त्याने आमच्या हसण्याचा फायदा घेतला. अंधार तर रोजच असतो.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी आमचा स्वतःचा पाढा वाचणे न्यायाचे होईल. काही वर्षांमागे शिक्षकांच्या एका बैठकीत आम्ही बसलो होतो. व्यासपीठावर एक अधिकारी होते. नव्याने नोकरीस लागलेल्या एका बाईंनी आपल्या शाळेचा अहवाल वाचण्यास सुरुवात केली. साहेबांनी मध्येच त्यांच्या साडीवरून आणि त्या साडीतील त्यांच्या दिसण्यावरून एक शेरा मारला. सभागृह हसले. आम्ही हसलो नाही. आम्ही हजेरीच्या वहीत पाहत राहिलो, आणि आपण हसलो नाही याचे मनातल्या मनात आम्हांस समाधानही वाटले! बैठक संपल्यावर त्या बाई बाहेर भेटल्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही हसला नाहीत ते मी पाहिलं. पण तुम्ही काही बोललाही नाहीत." त्यानंतर कोणत्याही बैठकीत त्या आपण होऊन उठून बोलल्याचे आम्ही पाहिले नाही. एका हुशार शिक्षिकेची वाचा त्या दिवशी बसली. शेरा साहेबांचा होता. परंतु त्यावर मुकाट्याने मोहोर उठविणाऱ्यांत आम्हीही होतो.

सारांश, ही गोष्ट फडावरच घडते असे नाही. वीटभट्टीवर, विडीच्या कारखान्यात, मागाच्या शेडमध्ये, द्राक्षे निवडण्याच्या कामावर, रोजगार हमीच्या खड्ड्यावर, दवाखान्यात, कचेरीत आणि शाळेत, जेथे जेथे बाई पोटासाठी राबते आणि तिच्या कामाची दोरी दुसऱ्याच्या हाती असते, तेथे तेथे ती घडते. आणि जेथे घडते तेथे बहुधा कोणीतरी पाहणारा असतोच.

मग पाहणारा बोलत का नाही? तो वाईट असतो म्हणून? नेहमी तसे नसते. आपल्याकडे म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. या घराला वाटते तो त्या घरी जेवला असेल, त्या घराला वाटते या घरी. दोन्ही घरची माणसे चांगली, चुली दोन्हीकडे पेटलेल्या, आणि पाहुणा मात्र उपाशी. अन्यायाच्या जागी हेच घडते. १९६८ साली अमेरिकेत डार्ली आणि लाताने या दोघा मानसशास्त्रज्ञांनी आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून यंत्रावरून एकमेकांशी बोलावयास लावले. बोलता बोलता त्यांतल्या एकाला फेफऱ्याचा झटका आल्याचा आवाज ऐकविण्यात आला. ऐकणारा आपण एकटाच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी शंभरात ८५ जण झटका संपण्यापूर्वीच मदतीसाठी बाहेर आले. आपल्याबरोबर आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी मात्र शंभरात ३१ जणच तेवढ्या वेळात उठले. म्हणजे पाहणारे वाढले की मदत वाढते, हा आपला समज खोटा आहे. पाहणारे वाढले की जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. दुसरा गप्प आहे म्हणून मी गप्प, आणि मी गप्प आहे म्हणून दुसरा गप्प! यातून निघणारा बोध सोपा आहे. दहांतला पहिला एक उठला पाहिजे. त्याने उठावयाचे हे ऐनवेळी ठरत नाही, ते आधी ठरवून ठेवावे लागते.

येथे काही वाचक आक्षेप घेतील. ते आक्षेप आम्ही चावडीवर, पारावर आणि शिक्षकांच्या खोलीतही ऐकलेले आहेत. म्हणून एकेकाचा समाचार घेऊ.

पहिला आक्षेप, "टाळी एका हाताने वाजत नाही." ज्या बाईचे दोन्ही हात डोक्यावरच्या मोळीला गुंतले आहेत, तिने टाळी कोणत्या हाताने वाजविली हे आक्षेपकांनी आम्हांस समजावून द्यावे.

दुसरा, "ती नुसती मस्करी होती." मस्करीची कसोटी अशी की, जिची करावयाची तिलाही हसू आले पाहिजे. शिवाय हीच मस्करी आपल्या बहिणीची कोणी केली तर आपणांस चालेल काय, असे विचारताच मस्करी करणारा कोयता उगारून अंगावर येतो. म्हणजे ती मस्करी नव्हे हे त्यालाही ठाऊक असते.

तिसरा, "मग तिने तेव्हाच का ओरडले नाही?" अहो, तिच्या डोक्यावर उचल आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर घेतलेली रक्कम फिटल्याशिवाय फड सोडता येत नाही. ती ओरडली तर मुकादम नवऱ्याला दम देणार, नवरा राग तिच्यावर काढणार, आणि गाव म्हणणार हिचेच काहीतरी असेल. तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला हसणारे दहा जण. अशा जागी ती गप्प बसली, त्याला आम्ही संमती म्हणतो काय?

चौथा आक्षेप सर्वांत नाजूक आहे. तो उघड कोणी बोलत नाही, पण मनात धरून वागतात सगळे: "आपल्या जातीचा आहे, आपल्या भावकीतला आहे, त्याला कशाला उघडे पाडायचे?" शेटजी-भटजींनी केलेला अन्याय आम्हांस चट्कन दिसतो. आणि आमच्यातल्याच मुकादमाने, आमच्यातल्याच गुत्तेदाराने केला तर तोच अन्याय "घरातली गोष्ट" होतो! ज्यांनी माणुसकीच्या नावाने चळवळ उभी केली, त्यांच्या वारसांच्या तोंडी हा न्याय शोभत नाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांचे दोष बायकांच्या माथी मारण्याच्या रीतीवर कोरडे ओढले. पुस्तकावर टीका झाली. तेव्हा जोतीराव फुले गप्प बसले नाहीत. १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. जोतीराव त्या प्रसंगी बाजूला उभे राहून पाहत बसले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी पाहत बसणे पत्करले नाही, म्हणून आम्ही आज त्यांचे नाव घेतो.

आता पाहणाऱ्याने करावयाचे तरी काय? प्रत्येकाने अंगावर धावून जावे असे आम्ही मुळीच सांगत नाही. तसे केल्याने पुष्कळदा भांडण दोन पुरुषांचे होते आणि बाई बाजूला राहते. ज्याच्या अंगी जेवढे बळ, त्याने तेवढे करावे. पाच वाटा आहेत. त्यांतली एक तरी प्रत्येकाला चालता येईल.

पहिली वाट, मध्ये पडून लक्ष फोडणे. "अगं, तुझं पोरगं खोपीत रडतंय, जा बघ," असे मोठ्याने म्हणावे. पोरगे रडत नसले तरी चालेल. तिला तेथून निघावयास निमित्त मिळते, आणि कोणीतरी पाहत आहे हे त्या माणसाला कळते. किंवा नुसते जाऊन त्या दोघांच्या मध्ये उभे राहावे आणि पाणी मागावे. यात शौर्य लागत नाही. आजीबाईलाही हे जमते. किंबहुना आजीबाईलाच अधिक चांगले जमते.

दुसरी वाट, दुसऱ्याला हाक मारणे. आपण एकटे पडत असू तर शेजारच्या खोपीतल्या दोघांना उठवावे, टोळीतल्या वडीलधाऱ्या माणसास सांगावे. हाक मारताना "कोणीतरी या रे" असे म्हणू नये. नाव घेऊन हाक मारावी. नाव घेतले की माणसाला उठावेच लागते.

तिसरी वाट, ध्यानात ठेवणे. तारीख, वेळ, जागा, कोण काय बोलले, कोण हजर होते, हे त्याच रात्री लिहून ठेवावे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या आपल्या लेकराकडून तारीख, जागा आणि हजर माणसांची नावे टिपून घ्यावीत. बाकीचे लेकरापुढे न काढता आपल्या स्मरणात ठेवावे. मोबाईलवर काही टिपले असेल तर ते फक्त त्या बाईच्या हवाली करावे. ते गावभर फिरविणारा माणूस पहिल्या अपराध्याचा भाऊ समजावा.

चौथी वाट, मागाहून विचारपूस. वेळेवर काही करता आले नाही तरी दुसऱ्या दिवशी तिला गाठून, शक्य तर आपल्या बायकोला वा आईला धाडून सांगावे की, "काल जे झालं ते आम्ही पाहिलं. ते वाईट झालं. तुझी चूक नाही. तुला काय करावंसं वाटतं?" एवढ्या चार वाक्यांनी अर्धे ओझे उतरते. आम्हांस त्या बैठकीनंतर एवढेही सुचले नाही.

पाचवी वाट, तोंडावर बोलणे. "हे चालणार नाही. हात काढ." थोडके बोलावे, शिवी देऊ नये, वाद घालू नये. आपणांस मारहाणीचा धोका नाही आणि बाईचे संकट वाढणार नाही एवढे पाहून मगच ही वाट धरावी. मात्र नुसत्या वाह्यात बोलण्याच्या वेळी ही वाट सर्वांनाच मोकळी आहे. हसणाऱ्या दहांत एकाने न हसता म्हणावे, "यात हसण्यासारखं काय आहे?" पाहा त्या बोलणाऱ्याचे तोंड कसे पडते ते!

आता घटना घडून गेल्यावरची वागणूक. येथे आमचा समाज फार चुकतो. आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "तू तिथं गेलीस कशाला?" दुसरा विचारतो, "कोणाला सांगितलं नाहीस ना?" आणि मग तिलाच काम सोडावयास लावतो, पोरीची शाळा बंद करतो, लग्नाची घाई करतो. म्हणजे चोर मोकळा आणि धन्याला कोंडवाडा! यापुढे आमच्या घरांतून एवढे पाळले जावे. बाईने सांगितले तर आधी ऐकून घ्यावे. तिच्या नावाची वाच्यता करू नये. पुढे काय करावयाचे ते तिने ठरवावे. आपण सोबत जावे, पण तिच्या वतीने परस्पर मिटवामिटवी करू नये. तिची मजुरी बुडू देऊ नये. आणि नवऱ्यांनो, तुमचा राग ज्याच्यावर काढावयाचा त्याच्यावर काढता येत नाही म्हणून घरच्या बाईवर काढू नका. एवढा मर्दपणा पुरे.

कायदा काय म्हणतो हेही आमच्या वाचकांस माहीत असणे जरूर आहे, कारण हा कायदा एका कुंभाराच्या लेकीसुनेच्या दुःखातून जन्मला आहे. राजस्थानात जयपूरजवळ भटेरी नावाचे गाव आहे. तेथील भंवरी देवी ही कुंभार बाई सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून गावात काम करी. १९९२ साली तिने एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबविण्याचा यत्न केला. हे तिचे नेमून दिलेले काम होते. त्याचा सूड म्हणून २२ सप्टेंबर १९९२ रोजी गावातील वजनदार जातीच्या पुरुषांनी तिच्या नवऱ्याला मारहाण करून तिच्यावर सामुदायिक अत्याचार केला. गावाने तिची बाजू घेण्याऐवजी तिच्याशीच व्यवहार तोडले. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मोकळे केले. परंतु काही स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी त्या न्यायालयाने विशाखा खटल्यात निकाल दिला की, कामाच्या जागी स्त्रीचा छळ होणे हा तिच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे व तो रोखणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्या निकालावरून पुढे २०१३ चा कायदा झाला. भंवरी देवीला स्वतःला त्यातून काय मिळाले, हा प्रश्न देशाने आपल्या मनाशी विचारावा. पण आमच्या मायबहिणींच्या हाती जे हत्यार आले, ते तिच्यामुळे आले हे विसरू नये.

या कायद्यातल्या मुद्द्याच्या गोष्टी सांगतो. नको असलेला स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील बोलणे, अश्लील चित्रे दाखविणे आणि अशाच प्रकारचे दुसरे कोणतेही नकोसे वर्तन यांस लैंगिक छळ म्हटले आहे. मुकादम म्हणतो, "बाई माझ्या हाताखाली आहे, कारखान्याचा संबंध नाही." कायदा म्हणतो, रोजंदारीवरची असो, गुत्तेदारामार्फत लावलेली असो, मूळ मालकास ठाऊक नसताना लावलेली असो, ती कामगारच होय. कामाच्या जागेत मालकाने पुरविलेले वाहनही येते. आणि कामाच्या जागी येणाऱ्या परक्या माणसांपासूनही बाईला संरक्षण देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. तेव्हा "ट्रॅक्टरवाला आमचा नव्हे" ही सबब चालत नाही.

जेथे दहा किंवा अधिक माणसे कामास आहेत तेथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष स्त्री असावी आणि निम्म्याहून कमी स्त्रिया असू नयेत. न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. जेथे दहापेक्षा कमी माणसे आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागावी. तालुक्याला यासाठी एक अधिकारी नेमलेला असतो. त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे धाडावयाची असते. तक्रार लेखी लागते. पण बाईला लिहिता येत नसेल तर लिहिण्यास मदत करणे हे समितीवर बंधन आहे. काही कारणाने तिला स्वतः तक्रार करता येत नसेल, तर घटना माहीत असलेला माणूस तिच्या लेखी संमतीने ती करू शकतो. म्हणजे पाहणाऱ्याला कायद्यानेच जागा करून दिली आहे! चौकशी ९० दिवसांत संपवावयाची, आणि बाईचे नाव गुप्त राखावयाचे. तक्रार शाबीत झाली नाही एवढ्याने ती खोटी ठरत नाही. जाणूनबुजून खोटी केली तरच कारवाई होते. तेव्हा खोट्या तक्रारींचा बागुलबुवा उभा करणाऱ्यांनी निश्चिंत असावे.

येथे एक गोष्ट फडावर जाणाऱ्यांनी गाठीला बांधून ठेवावी. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावयाची असते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, पण तो तिचा अधिकार आहे. आपला हंगाम पाच-सहा महिने चालतो. "पाडव्याला गावी गेल्यावर बघू" म्हणून बसलात तर मुदत फडावरच संपून जाईल. पोलिसांकडे मात्र कोठूनही जाता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांप्रमाणे गुन्हा कोठल्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदविता येते, आणि नकोसा स्पर्श वा मागणी यांस तीन वर्षांपर्यंत, अश्लील शेऱ्यास एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. बाई अनुसूचित जाती-जमातीची असून अपराधी त्या जातींबाहेरचा असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो. ११२ आणि १८१ हे दूरध्वनी क्रमांक पोरींच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. स्त्रियांना सरकारी विधी सेवेतून वकील फुकट मिळतो, मग तिचे उत्पन्न कितीही असो.

कायदा हे कुंपण आहे. पण कुंपण घालून शेतकरी झोपत नाही, राखणही ठेवतो. ती राखण टोळीने स्वतः ठेवावयाची आहे. आमची सूचना अशी की, निघण्याच्या आदल्या दिवशी टोळीतल्या सर्व बायका-पुरुषांनी मारुतीच्या पारावर किंवा शाळेच्या ओट्यावर एकत्र बसावे. मुकादमाने यावेच. तेथे बायकांनी आधी बोलावे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर गिरणी कामगारांची प्रचंड सभा भरविली, तेव्हा दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली होती. त्या काळी जे जमले ते आज आमच्या ओट्यावर का जमू नये? त्या बैठकीत एवढे ठराव व्हावेत. टोळीतील एक जाणती बाई आणि एक जाणता पुरुष यांची नावे मुक्रर करावीत. कोणाही बाईने काही सांगितले तर त्यांनी तिच्याबरोबर उभे राहावयाचे. रात्री गाडी भरताना फळीपाशी टोळीतलीच माणसे उभी राहावीत आणि उजेड असावा. पाण्याला आणि परसाकडे बायकांनी दोघी-तिघींनी मिळून जावे, आणि न्हाणीला आडोसा करून देणे ही मुकादमाची जबाबदारी समजावी. बाईविषयी वाह्यात बोलण्यावर कोणी हसावयाचे नाही. तक्रार केली म्हणून कोणाचा कोयता मोडावयाचा नाही आणि उचलीचा तगादा लावावयाचा नाही. हे सगळे कागदावर लिहून मुकादमाची सही घ्यावी. लिहिण्यास माणूस नसेल तर शाळेत या. आम्ही व आमचे शिक्षकबंधू लिहून देऊ. ग्रामसभेत हाच ठराव झाला तर फारच उत्तम. गाव करी ते राव न करी, हे वडिलांचे वचन खोटे नाही.

आणि ज्या बांधवांना उसाच्या फडाशी काही कर्तव्य नाही, त्यांनीही आपापल्या जागी हेच करावे. भट्टीवाल्याने भट्टीवर, विणकराने मागावर, कारकुनाने कचेरीत. आम्ही शिक्षक आमच्या बैठकीत करू. आम्ही मनाशी ठरविले आहे की, यापुढे कोणत्याही साहेबाने तसला शेरा मारला तर हजेरीच्या वहीत पाहावयाचे नाही. उभे राहून एवढेच म्हणावयाचे, "साहेब, बाईंचा अहवाल ऐकायचा आहे." याने नोकरी जाणार नाही. आणि तालुक्याच्या पलीकडल्या गावी बदली झालीच, तर तेथेही मुले आहेत आणि फळा आहे.

ती बाई परवा टोळीबरोबर निघेल. तिची पोरगी वसतिगृहात राहील, शिकेल. पण आईला फळीवर चढावेच लागणार आहे. ती चढेल तेव्हा तिचे दोन्ही हात मोळीला गुंतलेले असतील. बाजूला उभ्या असलेल्या गाववाल्यांनो, तुमचे हात मोकळे असतील. एवढेच लक्षात ठेवा.